पोटगीचा रस्ता पोलीस ठाण्यावरून

परस्पर संमतीच्या घटस्फोटात वकील ज्याला ‘कन्सेंट टर्म्स’ म्हणतात, तो कागद एकदा सावकाश वाचून बघावा. त्याची ठेवण आता जवळपास ठरून गेली आहे. लग्न कधी झाले, दोघे कधीपासून वेगळे राहतात, आता एकत्र नांदणे शक्य नाही, स्त्रीधन परत मिळाले, मुलगा आईकडे राहील, वडिलांनी दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी भेटायचे. मग पैशाचा परिच्छेद येतो. एकरकमी पोटगी तीन हप्त्यांत: पहिला अर्ज दाखल करताना, दुसरा उच्च न्यायालयात ‘चारशे अठ्ठ्याण्णव’, म्हणजे नवऱ्यावरचा छळाचा गुन्हा, रद्द होईल त्या दिवशी, तिसरा घटस्फोटाचा हुकूमनामा होताना. डिमांड ड्राफ्टचा नंबर, बँकेची शाखा, तारीख, सगळे लिहिलेले असते.

त्यातला मधला हप्ता बघण्यासारखा आहे. पुस्तकातला फौजदारी कायदा सांगतो की गुन्हा हा सगळ्या समाजाविरुद्धचा अपराध. फिर्यादीने पैसे घेऊन तो मिटवायचा नसतो. इथे मात्र त्याला ठरलेला हप्ता आहे, आणि तो दोन्ही बाजूंच्या वकिलांनी, बहुधा न्यायालयाच्याच मध्यस्थी केंद्रात बसून ठरवलेला आहे. यात कोणी लबाडी केलेली असतेच असे नाही. मारहाण खरी असू शकते, हुंड्याची मागणी खरी असू शकते. पण त्या बाईला शेवटी हवे असतात महिन्याचे पैसे, राहायला जागा, स्वतःचे दागिने आणि मूल. या चार गोष्टी मागण्याचे दिवाणी मार्ग इतके संथ आहेत की ती पोलीस ठाण्यात जाते. गेल्या चाळीस वर्षांत कौटुंबिक कायद्याने अर्धवट सोडलेले काम फौजदारी कायद्याच्या गळ्यात पडत गेले, असे माझे मत आहे. ‘कायद्याचा गैरवापर’ या नावाने जो वाद चालतो, त्यात ही गोष्ट सहसा हरवते.

संसार आणि तुरुंग यांची गाठ तशी जुनी आहे, आणि ती पहिल्यांदा ठळकपणे दिसली ती मुंबईत. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, तेव्हा दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अपिलात प्रकरण पुन्हा सुनावणीला आले आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी निकाल दिला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या. तुरुंगाची भीती घालून शेवटी रकमेवर तडजोड, हा आजचा शिरस्ता तेव्हाही होता. फक्त भीती कोण कोणाला घालत होते ते उलटे होते. नांदण्याच्या हुकमासाठी कैद करण्याची तरतूद १९२३ मध्ये गेली. दावा मात्र हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये अजून शाबूत आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले, तर पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते वैध ठरवले. आज या कलमाचा उपयोग बायकोला घरी आणण्यासाठी फार थोडा होतो. तिने पोटगी मागितली की ‘मी तिला नांदवायला तयार आहे, तीच येत नाही’ असा बचाव उभा करायला तो दावा लावतात. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नांदायला जाण्याचा हुकूम झाला आणि ती गेली नाही, एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही. ती का गेली नाही ते बघावे लागते.

आजच्या कायद्याची घडण मात्र १९७२ ते १९८६ या काळात झाली, आणि त्यातल्या दोन मोठ्या घटना महाराष्ट्रातल्या आहेत. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातले बलात्काराचे मथुरा प्रकरण १९७२ चे. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडल्यावर उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धगमवार या चार कायदा-अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उठलेल्या चळवळीने १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलायला लावला. दुसरी घटना पुण्यातली. फेब्रुवारी १९८२ मध्ये लग्न झालेल्या मंजुश्री सारडा यांचा जूनमध्ये सायनाइडच्या विषाने मृत्यू झाला. लग्नानंतरच्या त्या चार महिन्यांत त्यांनी बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे खटल्यात पुरावा म्हणून आली. सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले: पत्रांतून दुःख दिसते, पण ही आत्महत्याही असू शकते, आणि संशयाचा फायदा आरोपीचा. परिस्थितिजन्य पुराव्याची जी पाच सूत्रे न्या. फझल अली यांनी त्यात मांडली, ती ‘पंचशील’ म्हणून आजही देशभरच्या खुनाच्या निकालांत उतरवली जातात. कायद्याच्या विद्यार्थ्याला सारडा निकाल आठवतो तो या सूत्रांसाठी. मला त्यातला न विचारलेला प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. समजा ती आत्महत्याच होती, तर त्या चार महिन्यांत घरात जे घडले त्याला १९८२ च्या कायद्यात काय नाव होते? खून नाही, तर जवळजवळ काहीच नाही.

ते नाव डिसेंबर १९८३ मध्ये मिळाले. भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले: पतीने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दखलपात्र आणि अजामीनपात्र. १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम ३०४-ब जोडले गेले. लग्नापासून सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झालेला दिसला, तर कायदा आरोपीविरुद्ध गृहीत धरून चालतो. १ जुलै २०२४ पासून ही कलमे भारतीय न्याय संहितेत अनुक्रमे ८५-८६ आणि ८० या आकड्यांखाली गेली आहेत. आशय तोच. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संसदेला सुचवले होते, की नवा कायदा लागू होण्यापूर्वी या कलमांचा फेरविचार करावा. तो झाला नाही. वकील मंडळी बोलताना अजून ‘चारशे अठ्ठ्याण्णव’च म्हणतात, आणि म्हणत राहतील.

या कलमाबाबत न्यायालयांची भूमिका मात्र स्थिर राहिलेली नाही. २००५ च्या निकालात ‘कायदेशीर दहशतवाद’ असे शब्द आले. जुलै २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने सरसकट अटक थांबवली: सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का हवी ते पोलिसांनी लिहून द्यावे, नाहीतर नोटीस द्यावी. हा निकाल चांगला होता आणि त्याचा फायदा फक्त नवऱ्यांना नाही, सगळ्याच आरोपींना झाला. २०१७ मध्ये राजेश शर्मा निकालाने प्रत्येक तक्रार आधी ‘कुटुंब कल्याण समिती’कडे पाठवायला सांगितले, तोवर अटक नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने ती समिती रद्द केली, कारण कायद्यात नसलेली यंत्रणा न्यायालयाने निर्माण करायची नसते. आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच अलाहाबाद उच्च न्यायालयाची तशाच समित्यांची आणि दोन महिन्यांच्या थांबण्याची योजना मान्य केली. आठ वर्षांत समिती आली, गेली आणि पुन्हा आली. एखाद्या तालुक्याच्या ठाण्यातल्या अंमलदाराने यातले नेमके काय पाळायचे, हे त्याला कोणी धड सांगितलेले नसते.

गैरवापराच्या वादात दोन्ही बाजू आकड्यांचा आधार घेतात. अर्नेश कुमार निकालात २०१२ चे आकडे आहेत: या कलमाखाली १,९७,७६२ जणांना अटक, त्यांत जवळपास पाव स्त्रिया, म्हणजे सासवा-नणंदा, आरोपपत्राचे प्रमाण ९३.६ टक्के आणि शिक्षेचे १५ टक्के. शिक्षा १५ टक्क्यांत होते म्हणजे उरलेल्या ८५ टक्के तक्रारी खोट्या, असा हिशेब सर्रास केला जातो, आणि तो चूक आहे. सुरुवातीला दाखवलेला कागद आठवावा. तडजोड झाली की फिर्यादी साक्षीत फिरते, किंवा प्रकरण उच्च न्यायालयात रद्द होते. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोंदवले होते, की संमतीने ४९८-अ रद्द करा म्हणून दररोज किमान दहा याचिका समोर येतात. गुन्हा तडजोडपात्र केला तर पक्षकारांना खेड्यापाड्यांतून मुंबईला खेटे घालावे लागणार नाहीत. आंध्र प्रदेशाने तो बदल फार पूर्वी केला. दुसरीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहितांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले, आणि हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. म्हणजे बहुतेक जणी कुठेच जात नाहीत.

तरीही तक्रारीत गावातल्या चुलत सासऱ्यापासून परदेशातल्या नणंदेपर्यंत सगळ्यांची नावे घालण्याची पद्धत आहे, हे नाकारून चालणार नाही. सत्तरीतल्या सासूला अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात आणि तिच्याविरुद्ध फिर्यादीत एकच ओळ असते, ‘सर्वांनी मिळून छळ केला’. डिसेंबर २०२४ मध्ये तेलंगणातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे मोघम आरोप फेटाळून लावले. त्याच आठवड्यात बंगळूरुच्या एका अभियंत्याने आत्महत्या केली आणि देशभर पुरुषांच्या छळाची चर्चा झाली. मे २०२५ मध्ये पुण्याजवळच्या एका घरातल्या सुनेच्या मृत्यूनंतर चर्चा पुन्हा हुंड्याकडे वळली. माध्यमांत असा लंबक चालतो. कायदा त्या लंबकावर लिहिला जाऊ नये एवढे खरे.

पोलीस ठाण्यात प्रत्यक्षात काय होते? बाई येते, बहुधा माहेरच्या कोणाला घेऊन. हवालदार आधी ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेतो, नवऱ्याला फोन लावतो, ‘उद्या घेऊन या त्याला’ म्हणतो. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची माणसे बाकांवर बसतात. मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे गणवेशातला माणूस नव्हे, प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसते. हा प्रयोग पुढे राज्यभर गेला आणि सरकारने चालवायला घेतला. या कक्षाचे मोल असे, की तो बाईला प्रथम विचारतो तुला काय हवे आहे. पुष्कळ जणींचे उत्तर गुन्हा नोंदवा असे नसते. मार थांबवा, माझी भांडी आणि सोने आणून द्या, मुलाच्या शाळेची फी त्याने भरावी, असे असते. ते उत्तर कागदावर उतरवून नवऱ्याला समोर बसवण्याची कायदेशीर ताकद ठाण्याच्या इमारतीत असते म्हणून कक्ष तिथे आहे. कौटुंबिक न्यायालयांनी हेच काम करावे अशी १९८४ च्या कायद्यामागची कल्पना होती. विवाह समुपदेशक, वकिलांची मर्यादित भूमिका, साधी कार्यपद्धती. वकील हक्काने उभे राहू शकत नाहीत असे कायद्याचे कलम १३ म्हणते. आज त्या न्यायालयाच्या आवारात वकिलांच्या काळ्या कोटांची काही कमी नसते.

आता पोटगी. इथे एक मजेशीर विसंगती आहे: या देशातली सर्वांत लोकप्रिय पोटगी फौजदारी कायद्यातच आहे. १८९८ च्या संहितेत कलम ४८८, १९७३ च्या संहितेत १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४. टाकलेल्या बायकोला आणि पोरांना भीक मागायची वेळ येऊ नये, हा त्यामागचा इंग्रजी व्यवस्थेचा हेतू. कोणत्याही धर्माच्या स्त्रीला चालणारी ही तरतूद असल्यानेच शहाबानो प्रकरण पेटले. इंदूरच्या दंडाधिकाऱ्याने महिना २५ रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ते कायम करताच राजकारण ढवळून निघाले. मुस्लिम स्त्रियांसाठी १९८६ चा वेगळा कायदा झाला, २००१ मध्ये डॅनियल लतिफी निकालाने त्याचा अर्थ उदारपणे लावला, आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुस्लिम घटस्फोटितेला सर्वसाधारण तरतूदही खुली आहे. कायद्याचा चाळीस वर्षांचा प्रवास रकमेच्या आकाराविषयी मात्र फार काही बोलत नाही. पाचशे रुपयांची कमाल मर्यादासुद्धा २००१ पर्यंत टिकली होती.

रक्कम ठरली तरी ती हातात पडणे निराळे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेले रजनेश विरुद्ध नेहा प्रकरण या बाबतीत अभ्यासण्यासारखे आहे. अर्ज सप्टेंबर २०१३ चा. ऑगस्ट २०१५ मध्ये पत्नीला महिना १५ हजारांची आणि मुलाला वेगळी अंतरिम पोटगी मंजूर झाली. पती उच्च न्यायालयात, मग सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये निकाल आला तेव्हा अंतरिम म्हणवणारी पोटगी सात वर्षांची झाली होती. कायदा म्हणतो ती शक्यतो साठ दिवसांत ठरावी. या निकालाने दोन चांगल्या गोष्टी केल्या. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता, कर्जे, खर्च यांचे प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. त्यापूर्वी नवरा ‘मला महिना आठ हजार मिळतात’ म्हणायचा आणि बायको त्याच्या गाडीचे फोटो दाखवायची. आता निदान पगारपत्रक आणि आयकर विवरण समोर येते. शेती, दुकान, रोखीचा धंदा असला की मात्र जुनीच कहाणी. सातबारा वडिलांच्या नावावर, दुकान भावाच्या, आणि नवरा कागदोपत्री नोकर.

मग वसुलीची दरखास्त. थकलेल्या रकमेसाठी वर्षाच्या आत अर्ज करायचा, नाहीतर ती हातची गेली. वॉरंट निघते, पोलीस ‘मिळून आला नाही’ म्हणून परत पाठवतात. सापडला तर महिनाभराची कैद, आणि कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगितले. पण कैदेतला माणूस कमावतही नाही. पगारातून परस्पर कपात, बँक खात्यावर टाच, ही साधी दिवाणी हत्यारे वापरली गेली तर वॉरंटांची गरज कितीतरी कमी होईल.

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये अमलात आलेला घरगुती हिंसाचार कायदा हे या सगळ्यावरचे खरे उत्तर व्हायला हवे होते. त्याचा आराखडा शहाणपणाचा आहे: संरक्षण आदेश, राहत्या घराचा हक्क, पैसे, मुलांचा ताबा, सगळे एका अर्जात, नवऱ्याला अटक न करता, आदेश मोडला तरच शिक्षा. सासऱ्याच्या नावावरच्या घरातही सुनेला राहण्याचा हक्क आहे, हे सतीश चंदर आहुजा निकालाने ऑक्टोबर २०२० मध्ये मान्य केले. मुंबईतून गेलेल्या हरसोरा प्रकरणात २०१६ मध्ये कायद्यातले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढले गेले, त्यामुळे सासू-नणंदेविरुद्धही दाद मागता येते. अर्ज साठ दिवसांत निकाली काढावा असे कलम १२ म्हणते. पण ज्यांनी हा कायदा चालवायचा ते संरक्षण अधिकारी कित्येक राज्यांत दुसऱ्या खात्याचे काम सांभाळून हे करतात; मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावावे लागले की जिल्हा आणि तालुका पातळीवर अधिकारी नेमा. कायदा होऊन तेव्हा वीस वर्षे होत आली होती.

दुसऱ्या लग्नाचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष गुंतलेला आहे. मुंबई प्रांताने १९४६ मध्येच हिंदूंपुरती द्विभार्याबंदी आणली. ती समानतेच्या विरुद्ध आहे या आक्षेपावर १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात नरसू अप्पा माळी खटला झाला, न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी कायदा वैध ठरवलाच, शिवाय व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीला लावता येत नाहीत असे म्हटले. त्या वाक्याची सावली आजवर पडलेली आहे. त्यानंतरचा टप्पा म्हणजे भाऊराव लोखंडे. पहिली पत्नी हयात असताना १९६२ मध्ये भाऊरावांनी गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केले. हार घातले गेले, वधूवरांच्या डोक्याला डोके टेकवले गेले. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, होम नाही, सप्तपदी नाही, तेव्हा हे लग्नच नव्हे, आणि लग्न नाही तर द्विभार्येचा गुन्हा कुठला? आरोपी सुटला. जो नवरा दुसरे लग्न करताना एक पाऊल मुद्दाम कमी चालेल त्याला कायद्याने वाट दाखवून दिली.

आता याच नाण्याची दुसरी बाजू. यमुनाबाई आढाव यांचे लग्न १९७४ मध्ये रीतसर विधींनी झाले होते, पण नवऱ्याची पहिली पत्नी हयात होती. त्यांनी पोटगी मागितली तेव्हा १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, हे लग्न मुळातच रद्दबातल, म्हणून त्या ‘पत्नी’ नाहीत, म्हणून पोटगी नाही. विधी अपुरे असले तर नवरा गुन्ह्यातून सुटतो आणि विधी पुरे असले तरी बाई पोटगीला मुकते. दोन्हीकडून नुकसान तिचेच. २०१३ च्या बादशाह गोडसे प्रकरणात न्या. रंजना देसाई आणि न्या. सिक्री यांच्या पीठाने यातून वाट काढली. पहिले लग्न लपवून फसवलेल्या स्त्रीपुरता नवरा स्वतःच्या फसवणुकीचा फायदा घेऊ शकत नाही. तिला पोटगी मिळेल. महाराष्ट्रातल्या किती स्त्रिया या कोंडीत आहेत ते संगमनेरच्या समता आंदोलनाने आणि ॲड. निशा शिवूरकरांनी १९८० च्या दशकापासून परित्यक्तांना संघटित करताना गावोगाव दाखवले. ‘टाकलेली’ बाई घटस्फोटित नसते, विधवा नसते. नवरा दुसरीबरोबर राहतो, गुन्हा अदखलपात्र म्हणून पोलीस हात झटकतात, आणि रेशनकार्डावर तिचे नाव सासरीच अडकलेले असते.

तिहेरी तलाकबाबत संसदेने उलट टोक गाठले. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला, तेव्हा मागणी कायद्याने संरक्षण मिळावे अशी होती. ऑगस्ट २०१७ मध्ये शायरा बानो निकालाने तोंडी तलाक अवैध ठरला. म्हणजे लग्न टिकून आहे. २०१९ च्या कायद्याने त्याच निष्फळ उच्चारासाठी तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. त्याच कायद्यात पत्नीला निर्वाहभत्ता द्यायचा आहे, तो तुरुंगातल्या माणसाने कसा द्यायचा हे सांगितलेले नाही. हिंदू पुरुष बायकोला टाकून निघून गेला तर तो दिवाणी प्रश्न, मुस्लिम पुरुषाने कायद्याने निरर्थक असलेला शब्द उच्चारला तर गुन्हा, ही तफावत मला समर्थनीय वाटत नाही. दलवाईंना हवी असलेली सुधारणा तुरुंगाची होती असेही वाटत नाही.

व्यभिचाराचे कलम ४९७ सप्टेंबर २०१८ मध्ये गेले ते बरे झाले. लग्नाचे आश्वासन देऊन ठेवलेल्या संबंधांसाठी न्याय संहितेत स्वतंत्र कलम ६९ आले आहे. मोडलेले वचन आणि सुरुवातीपासूनच खोटे वचन यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रमोद पवार खटल्यात नीट सांगितला होता, तो नव्या कलमात किती टिकतो ते बघायचे. आणि जानेवारी २०२५ पासून उत्तराखंडात लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांनी नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद आहे.

बालविवाहाकडे मात्र थांबून बघायला हवे, कारण इथे दोन कायदे एकमेकांच्या अंगावर येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते. ऊसतोडीच्या पट्ट्यात मुलीला मागे एकटी ठेवण्याची भीती, आणि कोयत्याला जोडी लागते हा हिशेब, यामुळे लग्ने लवकर लागतात. २००६ च्या कायद्याने बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पण लग्न आपोआप रद्द होत नाही. सतरा वर्षांची मुलगी कायद्याने पत्नी असते. ऑक्टोबर २०१७ च्या इंडिपेंडंट थॉट निकालाने अठराखालील पत्नीशी संबंध हा बलात्कार ठरला, आणि पोक्सो कायद्यात गर्भ राहिला तर तो गंभीर गुन्हा, २०१९ पासून किमान वीस वर्षे. लग्न लावले त्याला कमाल दोन, ते लग्न निभावले त्या वीस-बावीस वर्षांच्या पोराला किमान वीस.

ही विसंगती दवाखान्यात उघडी पडते. पोट पाच महिन्यांचे, वय सतरा. आधारकार्ड बघताच नर्स डॉक्टरकडे बघते, कारण पोक्सोच्या कलम १९ खाली पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे. ठाण्यातून माणूस येतो, नवरा आत जातो. पुढच्या खेपेस गावातली दुसरी मुलगी तपासणीला येतच नाही, किंवा वय एकोणीस सांगते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातापुरती मुभा दिली, की मुलीच्या विनंतीवरून डॉक्टरांनी पोलिसांना तिचे नाव न सांगता कळवावे. बाळंतपणाचे काय, हे मोकळेच राहिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये आसाम सरकारने बालविवाहावरून हजारो नवऱ्यांना अटक केली तेव्हा उच्च न्यायालयाने लोकांच्या खासगी आयुष्यात हाहाकार उडाल्याचे म्हटले. त्याच वर्षी विधि आयोगाने संमतीचे वय १८ वरून खाली आणू नये असा अहवाल दिला, आणि १६-१८ वयोगटात न्यायालयाला शिक्षेत सवलतीचा अधिकार सुचवला. मे २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात न्या. अभय ओक यांच्या पीठाने दोषी ठरलेल्या नवऱ्याला असाधारण अधिकार वापरून शिक्षा दिली नाही, कारण त्या मुलीलाच सगळ्यांत जास्त यातना कायद्याच्या प्रक्रियेने दिल्या होत्या. एका मुलीपुरते हे ठीक. प्रत्येक मुलीला दिल्लीपर्यंत जाता येत नाही.

अठरा पूर्ण झाले की मात्र तोच संबंध, तीच जबरदस्ती, कायद्याच्या लेखी बलात्कार राहत नाही. १८९० च्या सुमारास कोलकात्यात अकरा वर्षांची फुलमणी दासी नवऱ्याच्या जबरदस्तीत मेली आणि १८९१ मध्ये संमतीचे वय दहावरून बारावर गेले. मुंबईचे मलबारी त्यासाठी झटत होते आणि टिळक विरोधात होते, हे महाराष्ट्राला माहीत आहे. नवऱ्याला वगळणारा तेव्हाचा अपवाद आज न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. २०१३ मध्ये वर्मा समितीने तो काढा म्हटले. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे दोन न्यायाधीश दोन बाजूंना गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की पत्नीच्या संमतीचा भंग चूक आहे, पण त्याला बलात्कार म्हणणे अति कठोर ठरेल. हे ऐकताना गंमत वाटते. नवऱ्याने तीनदा ‘तलाक’ म्हटले तर तुरुंग ज्या सरकारला अति कठोर वाटला नाही, तेच हे सरकार. मला हा अपवाद टिकण्यासारखा वाटत नाही. पण तो गेला तरी पहाटे घराबाहेर पडलेली बाई कुठे जाणार, हा प्रश्न उरतोच, आणि त्याला राहत्या घराच्या आदेशाशिवाय उत्तर नाही.

घर आणि मालमत्ता यांचा विषय आला की गोव्याकडे बघावे लागते. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक भाग अजून लागू आहे आणि वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर दोघांची मालमत्ता सामाईक होते, अर्धी तिची. व्यवहार नवऱ्याच्या हाती, आणि जुन्या फर्मानांत हिंदूंसाठी दुसऱ्या लग्नाची अडगळही आहे, तेव्हा गोव्याचा आदर्श डोळे मिटून घेऊ नये. तरी घर विकताना बायकोची सही लागते, ही साधी गोष्ट पणजीत आहे आणि सावंतवाडीत नाही. सावंतवाडीतल्या बाईने तीस वर्षे संसार केला, शेतात राबली, नवऱ्याच्या नावावर घर बांधले, तरी घटस्फोटात तिला हिस्सा नाही. पोटगी आहे, म्हणजे मागत राहणे आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, केंद्राच्या अकरा वर्षे आधी, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. बायकोच्या बाबतीत तेवढे धाडस कोणी केले नाही.

एक प्रयत्न झाला होता. विवाह कायदा सुधारणा विधेयकात, संसार पुरता मोडला या कारणावर घटस्फोट देताना पतीच्या मालमत्तेतून पत्नीला वाटा देण्याची तरतूद होती. राज्यसभेने ते ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केले. लोकसभेत ते चर्चेला यायच्या आत मुदत संपली आणि विधेयक बारगळले. संसार पुरता मोडल्यावर आपल्या असाधारण अधिकारात घटस्फोट देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केले, पण मालमत्तेचा अर्धा भाग न्यायालयाला देता येण्यासारखा नाही. तो विधिमंडळानेच द्यायचा. विवाह हा घटनेच्या समवर्ती सूचीतला विषय आहे. राष्ट्रपतींची संमती घेऊन महाराष्ट्राला हा कायदा स्वतंत्रपणे करता येतो.